अविनाश साबळेला दुष्काळानं घडवलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत अविनाश साबळेवर अर्ध्या पानाचा लेख आला. मथळा होता ‘दुष्काळानं घडवलेला धावपटू’. लेखकाचं मन चांगलं आहे, भाषाही सुरेख आहे. मी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचला, ही क्रीडाशिक्षकाची खोड. ‘रखरखीत’ चार वेळा, ‘वीटभट्टी’ पाच वेळा, ‘भेगाळलेली जमीन’ दोन वेळा. आठ मिनिटं नऊ सेकंद, म्हणजे त्याचा तीन हजार मीटर स्टीपलचेसमधला राष्ट्रीय विक्रम, हा आकडा एकदाही नाही. एका धावपटूवर अर्धं पान लिहिलं आणि तो किती वेळात धावला तेच सांगितलं नाही. कुस्तीगिरावर लिहिताना त्याचा डाव सांगायचाच नाही, फक्त त्याचं घर पत्र्याचं होतं एवढंच सांगायचं, तसं झालं हे.

एक आधीच सांगतो. अविनाश माझा विद्यार्थी नव्हे. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल पदकानंतर आमच्या आष्टी तालुक्यात त्याचे गुरुजी भराभर वाढले, त्यांत मी नाही. त्याचं मांडवा गाव मला माहीत आहे एवढंच. मी याच भागातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं पीटी घेतली आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तरुणपणी पाच हजार मीटर पळायचो, बरा पळायचो. स्टीपलचेस मात्र आयुष्यात एकदाच पळालो. ती गोष्ट पुढं सांगतो, कारण तिच्याशिवाय माझं म्हणणं कळायचं नाही.

लेखात या शर्यतीला ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हटलं आहे. शब्द चूक नाही, पण त्यासोबत जे चित्र छापलंय ते ११० मीटर हर्डल्सचं आहे. त्या शर्यतीतलं हर्डल पाय लागला की पडतं. स्टीपलचेसचं पडत नाही. तो आडवा लाकडी ओंडका असतो, जमिनीपासून ९१.४ सेंटिमीटर उंच, माथा पाच इंच चौकोनी, आणि सगळ्या सांगाड्याचं वजन ऐंशी ते शंभर किलो. त्याला गुडघा लागला तर ओंडका जागचा हलत नाही, माणूस हलतो. तीन हजार मीटरमध्ये असे २८ ओंडके, आणि त्याशिवाय सात वेळा पाण्याची उडी. एकूण ३५. पाण्याच्या उडीला ओंडक्यापलीकडे १२ फूट लांबीचा हौद असतो. ओंडक्याजवळ तो सर्वांत खोल आणि पुढं उतरत उतरत ट्रॅकच्या पातळीला येतो. म्हणजे जो जास्त लांब झेपावेल त्याला पाणी कमी. ही मेख कळायला मला एक फेरी लागली.

१९८४ सालची गोष्ट. विद्यापीठाच्या स्पर्धेत आमच्या संघाला स्टीपलचेससाठी माणूस मिळेना. प्रशिक्षक मला म्हणाले, “तू पाच हजार पळतोस ना, मग तीन हजारांत काय आहे? मधे मधे उडी मारायची.” सिंडरचा, म्हणजे कोळशाच्या राखेचा ट्रॅक होता. पहिल्या पाण्याच्या उडीला मी ओंडक्यावर पाय ठेवला, आणि तिथं क्षणभर उभा राहिलो. तिथंच घात झाला. ओंडक्यावर पाय ठेवायचा तो पुढं ढकलण्यासाठी, उभं राहून पाणी न्याहाळण्यासाठी नव्हे. मी सरळ खाली, सगळ्यात खोल जागी, तोंडावर पडलो. उठलो तर स्पाइक्समध्ये, म्हणजे खिळ्यांच्या बुटांत पाणी. पुढच्या सहा फेऱ्या प्रत्येक पावलाला चपक चपक आवाज. आपण दमलोय हे आपल्याला आधी बुटांच्या आवाजावरून कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. शेवटून दुसरा आलो. शेवटचा जो होता तो माझ्यावर अडखळून पडला होता, म्हणून शेवटचा.

हे सगळं सांगायचं कारण असं, की अविनाश काय करतो हे ज्याला पाहायचंय त्यानं त्याचं घर नाही, त्याचा ओंडक्यावरचा पाय पाहावा. पाचव्या-सहाव्या फेरीला, छातीत धाप मावेनाशी झाली असताना, आजूबाजूला दहा-बारा जणांची कोपराकोपरी चाललेली असताना आणि पुढच्याच्या पाठीमुळे ओंडका दिसतही नसताना पावलं मोजून बरोबर जागी पाय टाकायचा. पुढच्यानं अर्धं पाऊल चुकवलं की तुमचंही चुकतं. २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत असंच झालं. दुसऱ्या धावपटूंच्या पडण्या-धडपडण्यात अविनाश अडकला, मागं पडला, तरी उठून ८ मिनिटं २५.२३ सेकंदांत पोचला. तो राष्ट्रीय विक्रम होता, पण अंतिम फेरीसाठी कमी पडला. मग भारतीय संघानं दाद मागितली, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथं तो तेरावा आला, ८:२१.३७. आपल्याकडे ‘तेरावा’ छापून आलं. तीन दिवसांत दोनदा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली, हे मात्र बातमीच्या शेपटाला.

आता दुष्काळ. लेखकाचं म्हणणं असं की शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची पायपीट, कोरडी जमीन, आईवडिलांचे कष्ट, यांतून त्याच्या पायांत बळ आलं. संपादक महाराज, तसं असतं तर आमचा तालुका एव्हाना केनिया झाला असता. शाळेला चालत जाणारी पोरं मी एकतीस वर्षं पाहिली. हजारोंनी पाहिली. त्यांच्या पायांत बळ होतं हे खरं आहे. पण ते बळ पंधराव्या-सोळाव्या वर्षी कुठं जातं, हे मी तुम्हाला सांगू शकतो, कारण मी ते जाताना पाहिलंय.

शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक तुम्हाला ठाऊक असेल. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे वरच्या पायऱ्यांवर पोचतात. आमच्याकडे याच सुमाराला दुसरं एक वेळापत्रक असतं. मुकादमानं उन्हाळ्यात उचल दिलेली असते, दसरा झाला की टोळ्यांची जुळवाजुळव होते आणि दिवाळीनंतर ट्रक भरतात. ऊसतोडीला. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिकडं कारखाना असेल तिकडं. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर अशी बसतात की जणू कुणी मुद्दाम जुळवलीत.

२००९ साली माझ्या शाळेत नववीत एक मुलगा होता. नाव सांगत नाही, तो आजही इथंच राहतो. सतरा वर्षांखालील गटात जिल्ह्याला तीन हजार मीटर तो ९ मिनिटं ३१ सेकंदांत पळाला. मातीवर, अनवाणी, आणि शेवटची फेरी पहिल्या फेरीपेक्षा जलद. ज्यांना यातलं कळतं त्यांना हे शेवटचं वाक्य पुरे आहे. विभागीय स्पर्धेला सोळा दिवस होते. मी त्याच्यासाठी नगरहून स्पाइक्स आणले, एक माप मोठे, पाय वाढतो म्हणून. आठवड्यानं तो शाळेत येईना. वस्तीवर गेलो तर बाप पालाचे बांबू बांधत होता. मला चहा दिला. म्हणाला, “सर, पोरगं पळतंय ते खरं आहे. पण तिच्या कमरेनं उठवंना, आन् कोयत्याला दुसरा हात लागतो.” कोयता म्हणजे आमच्याकडे नुसतं हत्यार नव्हे, कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको आजारी, म्हणून तिच्या जागी मुलगा. उचल घेतलेली, ती फेडायची. मी काय बोलणार होतो? स्पाइक्स मी घरी परत आणले. पुढं त्याच्या धाकट्या भावाला दिले, त्यानं ते क्रिकेट खेळताना घातले आणि खिळे मोडले.

तर, दुष्काळ हे करतो. तो पळणाऱ्याचा दुसरा हात मागून घेतो.

अविनाश सुटला तो बारावीनंतर भरती झाला म्हणून. पाच महार, म्हणजे महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. आमच्या भागातून पोरं सैन्यात जातात ती काही देशाचे नकाशे डोळ्यांसमोर ठेवून नाही, घरात महिन्याला पगार यावा म्हणून जातात, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. तो सियाचिनला राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला, सिक्कीमला राहिला. पळणं सुरू झालं ते त्यानंतर, २०१५ च्या सुमाराला, सैन्याच्या क्रॉस-कंट्रीत. मधे वजन वाढलं होतं, ते त्यानं उतरवलं. सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं ते २०१७ मध्ये. तेव्हा तो तेविसाव्या वर्षात होता. तेविसाव्या वर्षी आमच्याकडची पोरं दोन लेकरांचे बाप असतात. सैन्यानं त्याला काय दिलं? पोटभर आणि वेळेवर जेवण. सकाळी उठवणारा माणूस. दुखलं तर डॉक्टर. आणि ज्याचं काम फक्त याच्या धावण्याकडे बघणं आहे असा एक शिक्षक. पुरवणीतल्या लेखात सैन्य एका ओळीत उरकलंय आणि वीटभट्टीला तीन परिच्छेद दिलेत. माझं भांडण एवढ्यावरच आहे.

पुढचा हिशोब माझ्या वहीतून देतो. मी निवृत्तीआधीपासून त्याच्या वेळा टिपून ठेवतो. भुवनेश्वर, सप्टेंबर २०१८: ८:२९.८०. यानं गोपाल सैनींचा १९८१ चा ८:३०.८८ हा विक्रम मोडला, सदतीस वर्षं टिकलेला. मी स्वतः पळत होतो तेव्हाही तोच विक्रम होता. आम्ही त्या आकड्याकडे गडाच्या बुरुजाकडे बघावं तसं बघायचो. मग पतियाळा २०१९, ८:२८.९४. दोहा, दोनदा. पुन्हा पतियाळा, मार्च २०२१, ८:२०.२०. टोकियो, ८:१८.१२. तिरुवनंतपुरम, मार्च २०२२, ८:१६.२१. रबात, जून २०२२, ८:१२.४८. बर्मिंगहॅम, ८:११.२०. आणि पॅरिसची डायमंड लीग, ७ जुलै २०२४, ८:०९.९१. दहा ओळी आहेत. पहिल्या नऊ चार वर्षांत, आणि शेवटच्या एका सव्वा सेकंदाला दोन वर्षं लागली, हेही बघण्यासारखं आहे. खालून वर येताना सेकंद भाकरीच्या तुकड्यासारखे तुटतात, वर पोचल्यावर एकेका सेकंदाला दात लागतात.

पोरांना हे कळावं म्हणून मी एक गणित घालतो. २०१८ चा अविनाश आणि २०२४ चा अविनाश एकाच ट्रॅकवर एकाच वेळी सोडले, तर दुसरा फीत तोडेल तेव्हा पहिला किती मागं असेल? उत्तर साधारण ११७ मीटर. शंभर मीटरची सबंध सरळ रेघ, आणि वर थोडं वळण. स्वतःला स्वतःच्या एवढं पुढं काढणं सहा वर्षांत. यातला काही भाग उटीच्या उंचीवरचा आहे, काही अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली केलेल्या सरावाचा, काही बेलारूसच्या निकोलाय स्नेसारेव्ह यांचा. त्यांच्याकडे तो काही काळ होता, मग परत अमरीश कुमारांकडे आला. स्नेसारेव्ह मार्च २०२१ मध्ये पतियाळ्यातच वारले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर त्यांचीच शिष्या. तीच ललिता, जी २०१६ मध्ये रिओला ९:१९.७६ पळून अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेली भारतीय बाई. माण तालुकाही दुष्काळी, म्हणजे तिच्याही वाट्याला तोच मथळा आला असणार. पण मोहीच्या कोरड्या ओढ्यानं तिला पाण्याची उडी शिकवली, असं कुणी म्हणू नये. रेल्वेची नोकरी होती, शिबिरं होती, आणि कडक मास्तर होता.

टोकियोचं एक सांगायचं राहतं, कारण ते अजून माझ्या घशात अडकलंय. ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये भारताचा पुरुष उतरला तो १९५२ नंतर पहिल्यांदा. १९५२ म्हणजे हेलसिंकी, जिथं खाशाबांनी कांस्य आणलं ते साल. तेव्हा गुलझारा सिंग मान होते, त्यानंतर थेट अविनाश. तो दुसऱ्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीच्या दुसऱ्या शर्यतीत, राष्ट्रीय विक्रम करून सातवा आला आणि बाहेर पडला. तिसऱ्या हीटचा वेग मंद होता. तिथले पहिले तिघे त्याच्याहून जास्त वेळ घेऊन अंतिम फेरीत गेले, कारण प्रत्येक हीटचे पहिले तीन थेट जातात. नियम आहे, तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत ‘अविनाश अपयशी’ वाचून मी पेपर घडी न घालता ठेवला. आमच्या घरात हा निषेधाचा सर्वोच्च प्रकार आहे.

बर्मिंगहॅम मी कडा गावच्या बाजारातल्या एका हॉटेलात पाहिलं. ६ ऑगस्ट २०२२, शनिवार दुपार. घरी लाइट गेली होती. हॉटेलवाल्यानं माझ्यासाठी सिनेमा बंद केला, त्याबद्दल दोघा-तिघांनी कुरकुर केली. राष्ट्रकुलच्या या शर्यतीत १९९४ नंतर केनियाबाहेरच्या कुणालाही पदक मिळालेलं नव्हतं. सोनं, रुपं, कांस्य, सगळं एकाच देशाचं, दर खेपेला. त्या खेपेलाही पुढं तिघं केनियाचे, त्यांत एक माजी ऑलिंपिक विजेता, कॉन्सेस्लस किप्रुतो. चौथा आमचा. मी स्टॉपवॉच लावलं होतं. ते जुनं आहे, त्याचं बटण दोनदा दाबावं लागतं, म्हणून वेळ कधीच पूर्ण खरी येत नाही. शेवटच्या फेरीत अविनाशनं गिअर टाकला. किप्रुतो मागं पडला. सेरेम मागं पडला. शेवटच्या सरळीत पुढं फक्त अब्राहम किबिवोट, आणि अंतर कमी होतंय, कमी होतंय, आणि रेघ आली. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंद. हॉटेलात कुणीतरी म्हणालं, “च्यायला, थोडक्यात गेलं.” मी त्याला म्हणालो, “गेलं नाही, आलंय.” तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी उठून चहाचे पैसे दिले. ज्याला १९९४ माहीत नाही त्याला त्या रुप्याची किंमत कशी कळणार? आणि ते १९९४ त्याला सांगायचं काम तुमचं होतं, माझं नव्हे.

हांगझोऊच्या सोन्याबद्दल फार लिहीत नाही, त्याला प्रसिद्धी पुरेशी मिळाली. १ ऑक्टोबर २०२३, ८:१९.५०, आशियाई स्पर्धेचा विक्रम, दुसऱ्या नंबरच्या जपान्याच्या चार सेकंद पुढं. पुढं राहून, एकट्यानं, वाऱ्याला छाती देऊन पळाला. तीन दिवसांनी पाच हजारात रौप्यही. मला बर्मिंगहॅम जास्त आवडतं.

उलट २०२४ च्या ऑलिंपिकबद्दल बोलायलाच हवं. तिथं तो ८:१५.४३ पळून अंतिम फेरीत गेला. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष. अंतिम फेरीत ८:१४.१८, अकरावा. आपल्यासह बहुतेक पेपरांत ‘निराशा’ हा शब्द होता. मोरोक्कोचा एल बक्काली ८:०६.०५ मध्ये जिंकला. म्हणजे अविनाश जगातल्या सर्वोत्तमापासून आठ सेकंद मागं. गोपाल सैनींचा विक्रम अजून उभा असता तर आपण पंचवीस सेकंद मागं असतो. त्याच अंतिम फेरीत, शेवटच्या फेरीत, विश्वविक्रमवीर इथिओपियाचा लामेचा गिर्मा ओंडक्याला पाय अडकून असा पडला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्याचा विश्वविक्रम ७:५२.११ आहे. जगातला सर्वांत जलद माणूसही पडू शकतो अशी ही शर्यत आहे. अकरावा येणं म्हणजे काय, हे त्याला विचारा.

आणि आता अविनाश स्वतः पडलाय. मे २०२५ मध्ये कोरियातल्या गुमीला आशियाई अजिंक्यपद जिंकलं आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीशी पडला. गुडघ्याचा अस्थिबंध गेला, शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. वय एकतीस. गुडघ्याचं हे दुखणं मी कबड्डीच्या पोरांत पाहिलंय. सूज उतरते, चालता येतं, पण उंचावरून एका पायावर उतरायची हिंमत परत यायला फार दिवस लागतात. स्टीपलचेसमध्ये सात वेळा एका पायावर पाण्यात उतरायचं असतं. या काळात त्याच्याबद्दल काय छापायचं असेल तर हे छापा. गुडघा किती वाकतोय, धावणं कधी सुरू होतंय, कोण बघतंय. तुम्ही छापलंत ते ‘रखरखीत’.

तेही कोणत्या वर्षी! या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यानं आमच्याकडची पिकं तर नेलीच, पण तालुक्याच्या स्पर्धेचं मैदानही चिखल करून ठेवलं. स्पर्धा दोनदा पुढं गेली. लेखकाला ‘भेगाळलेली जमीन’ कुठं दिसली कोण जाणे. जुना फोटो असेल.

आता माझी मागणी, म्हणजे हे पत्र नुसतं कुरकुरीचं व्हायला नको. आपल्या दैनिकात तालुका आणि जिल्हा क्रीडा स्पर्धांच्या बातम्या येतात. माझ्याकडे कात्रणं आहेत. त्यांत उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, नारळ कुणी फोडला, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, हे सगळं असतं. बावीस नावं असलेली बातमी माझ्यापाशी आहे. मुलांची नावं असलीच तर शेवटी, आणि वेळ कधीच नाही. २००९ च्या त्या बातमीत माझ्या मुलाचं नाव ‘प्रथम’ म्हणून आहे, पण ९ मिनिटं ३१ सेकंद नाही. छापलं असतं तर सैन्याच्या किंवा कुठल्या प्रबोधिनीच्या एखाद्या जाणत्या माणसाची नजर त्या आकड्यावर पडली असती का? पडली असतीच असं मी म्हणत नाही. पण ‘प्रथम’ या शब्दावर कुणाचीच नजर पडत नाही, एवढं नक्की. मैदानी खेळात नाव खोटं बोलू शकतं, जात, गाव, वशिला, सगळं मधे येऊ शकतं. सेकंद मधे कुणाला येऊ देत नाही.

दुसरी मागणी तुमच्याकडे नाही, पण तुमच्यामार्फत. ज्या तालुक्यातला मुलगा पाण्याच्या उडीवरून जगात गेला, त्या तालुक्यात पाण्याच्या उडीचा एक हौद नाही. आमची दोन-तीन पोरं आहेत, हौस असलेली. ती बाभळीचा ओंडका दोन दगडी खांबांवर टाकून कॅनॉलच्या चारीवर सराव करतात. चारीला पाणी असतं तेव्हा ठीक. नसतं तेव्हा पलीकडं दगड असतात. मी त्यांना चारी कोरडी असेल तर उडी मारायची नाही असं बजावलंय, पण सोळा वर्षांची पोरं आहेत, ऐकत असतील असं वाटत नाही. बारा फुटांचा उतरता हौद आणि एक धड ओंडका, यासाठी काही स्टेडियम लागत नाही. ग्रामपंचायतीचा गवंडी बांधू शकतो. माप मी देतो.

२००९ चा तो मुलगा आता तीस-एकतीसचा आहे. कोयता सुटला, सध्या कारखान्याचा ट्रॅक्टर चालवतो. परवा बाजारात भेटला, तुमच्या पुरवणीचं पान त्याच्याच हातात होतं, भजी बांधून घेतलेली. म्हणाला, “सर, साबळेचं आलंय बघा.” मी म्हणालो, “वाचलं.” तो म्हणाला, “त्याची वेळ दिली नाही यांनी.” एवढंच म्हणाला आणि भजी पुढं केली.

तालुक्याची मैदानी स्पर्धा, पुन्हा पाऊस आला नाही तर, येत्या गुरुवारी आहे. सतरा वर्षांखालील तीन हजार मीटर सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत उरकतो. आपल्या वार्ताहरांना पाठवा. उद्घाटन साडेदहाला आहे, त्याला ते थांबले नाहीत तरी चालेल. घड्याळ आणलं नाही तरी चालेल, माझं आहे. फक्त बटण दोनदा दाबावं लागतं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. आष्टी, जि. बीड